भाववाढीची बिलं करून देणारं साताऱ्यातलं ऑफिस : माझा अनुभव

2021 मध्ये सळई 52 हजार रुपये टन धरून मी एका छोट्या सरकारी पुलाचं टेंडर भरलं. फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं आणि एप्रिलमध्ये तीच सळई 76 हजारांनी उचलावी लागली. 42 टन लागली. नुसत्या सळईत दहा लाखांवर खड्डा! 21 मेला केंद्राने पोलादावर निर्यात शुल्क लावलं, भाव उतरले, पण तोवर माझा स्लॅब ओतून झाला होता. कामाची मुदत 10 महिने, त्यामुळे टेंडरमध्ये भाववाढीचं कलमच, म्हणजे भाव वाढले तर फरक सरकारने देण्याची अटच, नव्हती. टिपर विकून देणी भागवली.

पुढचं काम शाळेच्या इमारतीचं, मुदत 18 महिने, आणि त्यात कलम होतं. एका ठेकेदार मित्राने मला या ऑफिसात नेलं. निवृत्त उपअभियंता आणि त्यांची मुलगी दोघंच बसतात.

साहेबांनी बिलांच्या आधी टेंडरची प्रत मागितली. भाववाढीच्या पानावर पेन्सिल टेकवून म्हणाले, "मूळ निर्देशांक, म्हणजे ज्याच्यापासून भाववाढ मोजायची तो आकडा, वर्क ऑर्डरच्या महिन्याचा कुणी धरायला सांगितला तुम्हाला? टेंडर भरायची शेवटची तारीख ज्या महिन्यात, त्याच्या आधीच्या तिमाहीची सरासरी धरायची." भाव चढते असताना मी माझ्याच हाताने माझा हक्क कापत होतो. मग ताईंनी एक तिमाही माझ्यासमोर सोडवली. झालेल्या कामाच्या रकमेतून सिमेंट-सळई वजा, कारण त्यांचा फरक स्टार रेटने (टेंडरमध्ये छापलेल्या मूळ दराने) वेगळा मिळतो. उरलेल्या रकमेला 0.85 ने गुणायचं, मग मजुरी, साहित्य, डिझेल यांचे छापील टक्के लावायचे. म्हणजे कलम असलं तरी उरलेल्या कामाच्या पंधरा टक्क्यांवरची वाढ ठेकेदाराच्याच खिशातून जाते. हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

जागेवरचं अतिक्रमण निघेपर्यंत आमचे चार महिने गेले. साहेबांनी तेव्हाच मुदतवाढीच्या पत्रात ते कारण स्पष्ट लिहून घ्यायला लावलं. वाढीव मुदतीची भाववाढ नाकारली गेली, तर सुप्रीम कोर्टाचा 2006 चा सत्यपालन विरुद्ध केरळ सरकार हा निकाल दाखवायचा, म्हणाले. ती वेळ आली नाही. पत्रातल्या त्या एका ओळीवर बिल निघालं.

तक्रार एकच. फी मागणीच्या रकमेवर घेतात, मंजूर रकमेवर नाही. माझ्या एका बिलात कपात झाली, तरी फी पूर्ण द्यावी लागली. हे त्यांनी बदलावं असं मनापासून वाटतं. मार्चमध्ये गर्दीमुळे दोन-दोन आठवडे थांबावंही लागतं.

तरी मी पुन्हा तिथेच जाणार, आणि आता टेंडर भरण्याआधी जाणार. जाताना टेंडरची पूर्ण प्रत, मोजमाप पुस्तिकेची झेरॉक्स आणि सिमेंट-सळईची तारखेवार बिलं सोबत ठेवा.