भंगारातले लोखंड की रद्दीचा लगदा?

टाकाऊ मालातून पहिले शिल्प घडवू पाहणाऱ्या नागपूरकराने सामान गोळा करण्याआधी तयार वस्तू दिवाणखान्यात राहणार की अंगणात, एवढे ठरवावे. लोखंड आणि लगदा यांतील निवड बरीचशी त्यावरच अवलंबून असते.

लोखंडाचे सुख असे, की सायकलची चेन, स्प्रिंग, जुने फावडे यांना मूळचाच आकार असतो आणि फावड्यात पक्ष्याची शेपटी दिसायला वेळ लागत नाही. खर्च मात्र भंगाराच्या भावावर थांबत नाही. वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, काळ्या काचेचा मुखवटा, चामडी हातमोजे हे सारे लागतेच. जस्ताचा मुलामा असलेले पत्रे आणि पाइप तर नवशिक्याने बाजूलाच काढावेत, कारण पोलाद सुमारे १,५०० अंश सेल्सिअसला वितळते, पण जस्त ९०७ अंशांनाच उकळते आणि त्याचा धूर छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. गंज रोखण्यासाठी उकळलेल्या जवसतेलाचा हात चांगला बसतो. मात्र तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवू नयेत, कारण तेल वाळताना उष्णता निर्माण होऊन त्या आपोआप पेट घेऊ शकतात, आणि नागपूरचा मे महिना त्याला मदतच करतो.

लगदा आपल्याकडे परका नाही. रद्दी भिजवून, मेथीचे पीठ घालून, कुटून टोपल्या लिंपणाऱ्या आजीबाई अनेकांनी पाहिल्या असतील, आणि बांबू-कागदाच्या सांगाड्याने केवढा आकार उभा राहतो हे तान्ह्या पोळ्याला मिरवणुकीत निघणारे बडगे, म्हणजे मोठाले पुतळे, दाखवतातच. वर्तमानपत्राचा कागद पाणी लवकर पितो, गुळगुळीत मासिकांचा पितच नाही. थर पातळ द्यावेत, अन्यथा वरून वाळलेले काम आतून कुजते. कडक उन्हात लगदा आक्रसून तडकतो, म्हणून पहिला दिवस सावलीचा. श्रावणात तर तो वाळण्याआधी बुरशीच धरते. वाळवीसाठी खळीत मोरचूद घालतात, पण ते विषारी असल्याने स्वयंपाकाची भांडी आणि मिक्सर त्यापासून दूर ठेवावेत.

माझा कौल पहिल्या कामापुरता लगद्याला आहे, कारण चुकलेला भाग पुन्हा भिजवता येतो. अंगणासाठीच काही करायचे असेल, तर लोखंड घ्यावे. तुकडे तारेने बांधून आकार पक्का करावा आणि जोडकाम ओळखीच्या वेल्डरकडून करून घ्यावे.