क्विल्टिंगचा ४० पट्ट्यांचा रोल : रंग झकास, पण घेण्याआधी मीटरचा हिशोब करा

क्विल्टिंगचं, म्हणजे तुकडे जोडून गोधडी शिवायचं, कापड महाग झालंय हे कोणाला वेगळं सांगायला नको, पण कुठे आणि किती महाग झालंय ते रिबीन बांधलेल्या रोलकडे नुसतं बघून कळत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी घेतला तो अडीच इंची पट्ट्यांचा रेडी रोल, १०० टक्के सुती, एकाच कलेक्शनमधले प्रिंट, पट्ट्या ४०. ब्रँडचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, असे रोल बरेच जण काढतात आणि हिशोब सगळ्यांना सारखाच लागतो.

आधी चांगलं सांगते. रंग खरंच झकास आहेत, आणि कुठल्या निळ्याशेजारी कुठला पिवळा बसेल यावर डोकं खपवावं लागत नाही, उचला आणि शिवा. कटिंग पण सरळ आहे. स्वस्तातल्या रोलमध्ये काय होतं, पट्टी पूर्ण उघडली की बरोबर मधल्या घडीवर तिला कोपरा आलेला असतो, मग शिवताना ती वाकडी पळते, तसला प्रकार यात एकाही पट्टीला नाही. गडद लाल पट्टीचा तुकडा ओला करून पांढऱ्या कापडावर इस्त्रीने दाबून बघितला, अगदी फिकट गुलाबी डाग आला, म्हणजे पहिल्या धुण्यात कलर कॅचर (सुटलेला रंग शोषून घेणारा कागद) टाकायचाच. कडा झिगझॅग कापलेल्या आहेत, दोरे कमी सुटतात हे खरं पण मशीनच्या बॉबिनखाली एवढा भुगा साठतो की मधे मधे ब्रश मारत बसा.

आता पैशाचं बघू. प्रत्येक पट्टी पूर्ण पन्ह्याएवढी लांब असते, तेव्हा ४० पट्ट्या गुणिले अडीच इंच म्हणजे १०० इंच, म्हणजे ४४ इंची पन्ह्याचं साधारण अडीच मीटर कापड, बस एवढंच! रोलच्या किमतीला अडीचने भागा की मीटरचा खरा भाव हातात येतो. माझ्या रोलचा भाव त्याच कलेक्शनच्या ताक्यावरून कापून मिळणाऱ्या कापडाच्या जवळजवळ दीडपट निघाला. कापायचे कष्ट वाचतात आणि सगळे प्रिंट थोडे थोडे मिळतात म्हणून थोडं जास्त द्यायला माझी ना नाही, पण दीडपट म्हणजे जरा अतीच. त्यात याच ब्रँडच्या आधीच्या रोलमध्ये ४२ पट्ट्या यायच्या, आता ४० आहेत आणि किंमत वर गेलीये ती गेलीच आहे. पाकिटावर आकडा लिहिलेला असतो त्यामुळे फसवलं असं म्हणता येत नाही, पण तो आकडा वाचतंय कोण.

मला जास्त खटकलं ते वजन. हाताला कापड जरा पातळ लागलं म्हणून रोल सरळ वजनकाट्यावर ठेवला, ३५० ग्रॅम भरला. क्विल्टिंग कॉटन साधारण १४० ते १५० जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम) असतं, त्या हिशोबाने एवढ्या कापडाचं वजन ४०० ग्रॅमच्या आसपास यायला हवं. आधीच्या रोलमधल्या उरलेल्या १० पट्ट्या आणि नव्यातल्या १० अशा वेगवेगळ्या तोलल्या तर तिथेही तोच फरक दिसला. फिक्या रंगाच्या पट्टीखालून शिवणीची गडद मार्जिन दिसते ती यामुळेच. प्रिंट महाग झाला म्हणून किंमत वाढवली तर समजू शकते, पण वर किंमत पण वाढवायची आणि खाली कापड पण पातळ करायचं हे काही पटलं नाही.

कापसाचं कारण सगळीकडे ऐकवतात, ते अर्धंच खरं आहे. मार्च २०११ मध्ये कापसाचे वायदे पौंडाला २ डॉलरच्या वर गेले होते, नंतर एप्रिल २०२० ते मे २०२२ या काळात भाव साधारण तिप्पट झाले, आणि दोन्ही वेळा पुढे चांगलेच उतरले. कापडाचे भाव उतरलेले आठवतात का कोणाला? छापील कापडाच्या किमतीत कच्च्या कापसाचा वाटा तसा छोटा, बाकी सूतकताई, विणाई, ब्लीचिंग, छपाई, डिझाइनचे हक्क, वाहतूक आणि मधल्या प्रत्येकाचं मार्जिन. मीटरवर कापड घेतलंत तर किनारीवर छोटे रंगीत गोल छापलेले असतात ते मोजून बघा, स्क्रीन छपाईत प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते आणि ते गोल म्हणजे ते रंग. माझ्याकडच्या एका फुलांच्या प्रिंटवर चौदा निघाले, तो महाग असणारच. पण त्याच भावात चार रंगांचा ठिपक्यांचा प्रिंट विकत असतील तर मग विचारायला हवं.

आणि एक गोष्ट, जी रोल घेताना कोणी बोलत नाही, ती म्हणजे शिवणीत जाणारं कापड. पाव इंच मार्जिन धरली तर अडीच इंची चौकोन शिवून दोन इंचाचा होतो, म्हणजे ३६ टक्के कापड शिवणीत गडप! पाच इंचीमध्ये हेच १९ टक्के आणि दहा इंचीमध्ये साधारण १०. त्यामुळे एवढा महाग रोल चौकोनात कापू नका प्लीज, लांब पट्ट्याच एकमेकींना जोडा, नाहीतर चौकोनांचंच डिझाइन हवं असेल तर दहा इंची तुकड्यांचा पॅक बघा, ४२ तुकड्यांमध्ये जवळपास तेवढंच कापड येतं.

खरा खड्डा तर मागच्या बाजूला पडतो. ६० बाय ८० इंची गोधडीच्या अस्तराला चारी बाजूंनी चार-चार इंच जास्त धरलं की ६८ बाय ८८ लागतं, ४४ इंची पन्ह्यात दोन लांबी जोडून साडेचार मीटर, म्हणजे रोलच्या पावणेदोनपट कापड नुसतं पाठीला. १०८ इंची पन्ह्याचं बॅकिंग घेतलं तर पावणेदोन मीटरमध्ये काम होतं आणि मधे जोडही येत नाही. मीटरचा भाव साध्या कापडाच्या अडीचपटीच्या आत असेल तर डोळे मिटून ते घ्या, वर गेला तर दोन लांबी जोडलेल्याच बऱ्या.

माझ्याकडून पाचपैकी तीन स्टार, रंग आणि कटिंगचे पूर्ण, वजनाचे कापले. भेट द्यायला किंवा पहिल्यांदाच गोधडी करणाऱ्याला रोल छान आहे, सुरुवात पटकन होते. बाकीच्यांनी याच कलेक्शनमधले चार-पाच प्रिंट अर्धा-अर्धा मीटर घ्यावेत, जोडीला एक प्लेन कापड, पट्ट्या घरीच कापाव्यात, आणि हो, मीटरवर घेताना पण जीएसएम विचारूनच घ्या.