फ्रेंचच्या पूर्ण भविष्यकाळासाठी सहा शनिवार: पुण्यातील एका शिकवणी वर्गाविषयी

फ्रेंच व्याकरणात ज्याला 'फ्यूत्यूर आँतेरिअर' म्हणतात, त्या पूर्ण भविष्यकाळासाठी कुणी सहा शनिवारांचा स्वतंत्र वर्ग काढेल आणि त्याला चौदा विद्यार्थी मिळतील, असे मला वाटले नव्हते. पुण्यात एका शिक्षिका आपल्या घरच्या मोठ्या खोलीत दर शनिवारी दोन तास हा वर्ग घेतात. ज्यांची प्राथमिक फ्रेंच झालेली आहे, पण बी-वन या मधल्या पातळीच्या उंबरठ्यावर ज्यांचे क्रियापद अडखळते, अशांसाठी तो आहे. माझ्या बॅचमध्ये बारावीला फ्रेंच घेतलेली मुले होती, कॅनडाला जाण्याच्या तयारीत असलेले एक जोडपे होते आणि माझ्यासारखे नोकरीपुरती फ्रेंच वापरणारे काही जण होते.

मी तिथे का गेले, ते सांगणे आवश्यक आहे, कारण या वर्गाचे मोल मला त्यावरूनच कळले. आमच्या कार्यालयाला फ्रान्समधील लिओं शहराच्या एका पुरवठादाराचे पत्र आले होते. त्यात वाक्य होते, 'दे क व्हूझोरे सीन्ये ल कोंत्रा, नूझाँव्हेरों ला मार्शाँदीझ'. 'व्हूझोरे सीन्ये' या शब्दांशी मी थबकले आणि मनात त्याचे मराठी केले, 'तुम्ही सही केली असेल'. मराठीत हे वाक्य अंदाजाचे आहे. समोरच्याने आपली सही झाल्याचे गृहीत धरले आहे, असे समजून मी वरिष्ठांना तसे कळवले आणि आम्ही दोन दिवस निष्कारण खुलासे लिहीत बसलो. पत्राचा खरा अर्थ साधा होता: करारावर तुमची सही झाली की आम्ही माल पाठवू.

पहिल्या शनिवारी रचना झाली, आणि ती तासाभरात संपली हे योग्यच झाले, कारण रचनेत अवघड असे फार नाही. 'आव्ह्वार' (जवळ असणे) किंवा 'एत्र' (असणे) या साहाय्यक क्रियापदाचे साध्या भविष्यकाळातले रूप घ्यायचे आणि त्यापुढे मुख्य क्रियापदाचे भूतकालवाचक धातुसाधित ठेवायचे. 'जोरे फिनी' म्हणजे माझे संपलेले असेल, 'एल सरा पार्ती' म्हणजे ती गेलेली असेल. बाईंनी उरलेला तास उच्चारांना दिला. 'ईलझोरों' आणि 'ईल सरों' यांतला 'झ' आणि 'स' एवढ्या एका आवाजावर 'आव्ह्वार' की 'एत्र' हे ठरते, हे त्यांनी प्रत्येकाकडून पाच-पाच वेळा म्हणवून घेतले. हा सराव मला आधीच्या कोणत्याही वर्गात मिळाला नव्हता.

दुसरा आणि तिसरा शनिवार हा या वर्गाचा गाभा आहे. कोणते क्रियापद 'आव्ह्वार' घेते आणि कोणते 'एत्र', हे बहुतेक ठिकाणी जाणे, येणे, जन्मणे, मरणे, पडणे, राहणे अशी यादी पाठ करून शिकवले जाते, आणि अर्थ सांगताना इंग्रजीचा आधार घेतला जातो. इंग्रजीत आज सर्वच क्रियापदांना एकच साहाय्यक चालते, त्यामुळे फ्रेंचमधली ही दुफळी तिथून समजतच नाही. बाईंनी फळ्यावर दोन मराठी वाक्ये लिहिली: 'ती वर गेली असेल' आणि 'तिने बॅगा वर नेल्या असतील'. त्यांच्याखाली फ्रेंच वाक्ये आली: 'एल सरा मोंते' आणि 'एल ओरा मोंते ले व्हालीझ'. फ्रेंचमध्ये दोन्हीकडे क्रियापद एकच, 'मोंते'; परंतु पहिल्यात कर्म नाही म्हणून 'एत्र', दुसऱ्यात बॅगा हे कर्म आले म्हणून 'आव्ह्वार'. मराठीत त्याच जागी 'ती'ची 'तिने' झाली आहे. शाळेत कर्तरी आणि कर्मणी प्रयोग ओळखताना आपण जो 'ने' शोधत होतो, तोच 'ने' इथे फ्रेंच साहाय्यक क्रियापदाची खूण सांगत होता.

हे सूत्र किती ताणावे, याबद्दलही त्या दक्ष होत्या, आणि त्यामुळे त्यांच्यावरचा विश्वास वाढला. 'ने' आला तर बहुधा 'आव्ह्वार', हे खरे. मात्र 'तिने अंघोळ केली असेल' याचे फ्रेंच आत्मवाचक, म्हणजे कर्त्याची क्रिया स्वतःवरच होते असे दाखवणाऱ्या, क्रियापदाने होते, आणि आत्मवाचकाला नेहमी 'एत्र' लागते. उलट दिशेने तर सूत्र चालतच नाही. ती रडली, ती झोपली, ती चालली, यांत 'ने' कुठेच नाही, तरीही फ्रेंचमध्ये 'एल ओरा प्लरे', 'एल ओरा दोर्मी', 'एल ओरा मार्शे' असेच म्हणावे लागते. शिवाय 'मी' आणि 'तू' यांना मराठीत 'ने' लागत नसल्यामुळे, पारख करायची तर वाक्य आधी 'ती'वर नेऊन पाहावे, ही त्यांची सूचना मी अजून रोज वापरते.

धातुसाधिताच्या लिंगवचनाचा भागही त्यांनी याच वाटेने नेला. मराठीत 'मी चिठ्ठी लिहिली असेल' म्हणताना क्रियापद चिठ्ठीच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते, आणि त्याचे आपल्याला काहीच वाटत नाही. फ्रेंचमध्ये 'आव्ह्वार'सोबत हे फक्त कर्म आधी आले तरच घडते: 'जोरे एक्री ला लेत्र', परंतु 'ला लेत्र क जोरे एक्रीत' (मी लिहिलेली असेल ती चिठ्ठी). शेवटचा 'त' कानाला स्पष्ट ऐकू येतो, म्हणून बाईंनी मुद्दाम 'एक्री-एक्रीत', 'प्री-प्रीझ', 'उव्हेर-उव्हेर्त' अशा जोड्या निवडल्या होत्या. 'पार्ती'सारख्या शब्दात स्त्रीलिंगी अक्षर केवळ कागदावर दिसते, कानाला फरक कळत नाही. तिथून सुरुवात केली असती तर नियम लक्षात राहिला नसता. व्याकरण कानातून शिकवण्याचा हा विचार मला फार मोलाचा वाटतो.

चौथ्या शनिवारी माझ्या पत्राची गाठ सुटली. मराठीत आपण 'तू आलास की जेवू' म्हणतो, म्हणजे पुढे घडायच्या गोष्टीला सरळ भूतकाळाचे रूप देतो. फ्रेंचमध्ये 'काँ' (जेव्हा), 'दे क' आणि 'ओसितो क' (दोन्हींचा अर्थ 'होताच') यांच्यानंतर, मुख्य वाक्यातली क्रिया भविष्यातली असेल आणि या शब्दांनंतरची क्रिया तिच्याआधी पुरी व्हायची असेल, तर पूर्ण भविष्यकाळच लागतो. याचा मराठी अर्थ 'असेल' लावून करू नये, 'झाले की' किंवा 'झाल्यावर' लावून करावा. 'आप्रे क' ('नंतर') या शब्दांपुढेही असेच निश्चयार्थी (गोष्ट खरी म्हणून सांगणारे) रूप योग्य, जरी पुष्कळ फ्रेंच लोक तिथे संशयार्थी (गोष्ट अनिश्चित मानणारे) रूप वापरताना आढळतात. 'सी' या अटीच्या शब्दानंतर मात्र भविष्यकाळ येत नाही. 'सी त्यू आ फिनी' (तुझे संपले असेल तर) हेच बरोबर. हा 'सी'चा भाग शेवटच्या दहा मिनिटांत उरकला गेला, आणि तो एक संपूर्ण तास मागणारा होता.

अंदाजाचा अर्थ पाचव्या शनिवारी आला. 'ईल ओरा राते सों त्रँ', म्हणजे त्याची गाडी चुकली असेल. इथे मराठी 'असेल' आणि फ्रेंच रूप यांचा अर्थ जुळतो. त्याच दिवशी बाईंनी वृत्तपत्रांत नेहमी आढळणारा आणखी एक उपयोग दाखवला: फ्रांस्वा मित्तेराँ 1981 ते 1995 फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष होते, आणि त्यांच्या कारकिर्दीकडे मागे वळून पाहताना 'ईल ओरा एते प्रेझिदाँ पाँदाँ कातोर्झाँ' (ते चौदा वर्षे राष्ट्राध्यक्ष राहिले) असे लिहिता येते. घटना पूर्णपणे भूतकाळातली, रूप भविष्याचे, आणि सूर हिशेब मिटवल्याचा. असे वाक्य मी पूर्वी वाचले असते तर छपाईची चूक समजले असते.

उणिवाही आहेत, आणि त्या सुधारता येण्यासारख्या आहेत म्हणूनच लिहिते. सरावाच्या कागदांत तीन ठिकाणी 'जोरे'च्या शेवटी 'एस' हे अक्षर छापले गेले होते. त्या एका अक्षराने भविष्यकाळाचा संकेतार्थ होतो, 'केलेले असेल'चे 'केले असते' होते, आणि उच्चार इतका जवळचा आहे की कानाने ही चूक पकडता येत नाही. ज्या वर्गाचा सगळा भर या एका काळावर आहे, तिथे ही चूक किरकोळ म्हणता येणार नाही. मी ती दाखवली तेव्हा बाईंनी लगेच फळ्यावर दुरुस्ती केली, तरी आधी कागद घेऊन गेलेल्या आणि त्या दिवशी न आलेल्या मुलांपर्यंत ती पोहोचली नाही. चौदा जणांत प्रत्येकाला बोलायला मिळणारा वेळही अपुरा पडतो. सहावा शनिवार पूर्णपणे लेखी चाचणीत गेला, त्यातला अर्धा वेळ संभाषणाला देता आला असता.

तरीही, ज्यांना 'जोरे, ओरा, ओरा' पाठ आहे पण पत्रात ते कुठे वापरायचे हे कळत नाही, अशा मराठी भाषकांनी या वर्गाला जरूर जावे. ज्यांची साहाय्यक क्रियापदांची साध्या भविष्यकाळातली रूपे अजून कच्ची आहेत, त्यांनी आधी ती पक्की करावीत, नाहीतर दुसऱ्या शनिवारपासून दमछाक होईल. पुढची बॅच दिवाळीनंतर सुरू होणार आहे. तोपर्यंत सुधारलेले कागद छापून होतील, असे बाईंनी सांगितले आहे.