अंकी: इंग्रजी शब्द वाढवण्यासाठी काही महिने रोज वापरल्यावर

मराठी माध्यमात शिकून कामापुरतं इंग्रजी जमतं, पण शोधनिबंध किंवा अग्रलेख वाचायला घेतला की दर परिच्छेदाला अडखळायला होतं. त्यासाठी पावसाळ्यापासून मी अंकी वापरतेय. डेमियन एल्म्स यांनी २००६ साली आणलेलं हे फ्लॅशकार्डचं सॉफ्टवेअर. कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइडवर फुकट, आयफोनवर मात्र विकत घ्यावं लागतं. कार्ड पाहून उत्तर आठवायचं, उलटून बघायचं आणि किती सहज आठवलं त्याप्रमाणे चारांतलं एक बटण दाबायचं. त्यावरून ते कार्ड पुन्हा कधी दाखवायचं हे ठरतं.

माझं ठाम मत: तयार डेक, म्हणजे कार्डांचे संच, घेऊ नका, स्वतःची कार्डं बनवा. जीआरई या परदेशातल्या उच्चशिक्षणाच्या प्रवेशपरीक्षेसाठीच्या बहुतेक डेकमध्ये एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला समानार्थी शब्द असतो. 'मिटिगेट' आणि 'अ‍ॅलीव्हिएट' दोन्हींपुढे 'कमी करणे' पाठ केलं, तर लिहिताना कुठला वापरायचा ते कळतच नाही. धोक्यासोबत सहसा पहिला येतो, वेदनेसोबत दुसरा, आणि हे वाक्यातूनच अंगवळणी पडतं. म्हणून मी वाचनात आलेलं वाक्य जसंच्या तसं घेते आणि तो शब्द गाळून क्लोझ कार्ड, म्हणजे रिकाम्या जागेचं कार्ड, करते. एक कार्ड बनवायला दोन-तीन मिनिटं जातात, पण अर्धं शिकणं तिथेच होऊन जातं.

शब्द कुठले घ्यायचे? अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांची २००० सालची अ‍ॅकॅडमिक वर्ड लिस्ट बघा. तिच्यात ५७० शब्दकुळं (एक मूळ शब्द आणि त्याची रूपं) आहेत आणि ती गंभीर वाचनात खरोखर वारंवार भेटतात. वर्षातून एकदा दिसणारे भारदस्त शब्द नंतर बघता येतील.

रोज वीस नवी कार्डं हे मूळ सेटिंग मला फार वाटतं. तेवढी नेमाने घेतली तर रोजची उजळणी दोनशेच्या आसपास जाते, आणि नोकरी करणाऱ्याला ते झेपत नाही. मी पाचांवर ठेवलंय. एखादं कार्ड आठ वेळा विसरलं की त्यावर 'लीच'चा (जळू, म्हणजे वेळ खाणारं कार्ड) शिक्का बसतो आणि सेटिंग तसं असेल तर ते बाजूला पडतं. ही सोय मला फार आवडते. अशा शब्दाला मी नवं वाक्य शोधते, आणि बहुतेकदा तो मग बसतो.

बोलताना हे शब्द आपसूक तोंडी येत नाहीत, त्यासाठी वेगळं लिहावं-बोलावंच लागतं. वाचनाचा वेग मात्र स्पष्ट वाढलाय. नव्याने सुरू करणार असाल तर सेटिंगमध्ये एफएसआरएस, म्हणजे कार्ड पुन्हा कधी दाखवायचं ते ठरवणारी नवी पद्धत, चालू करा आणि अपेक्षित स्मरण (उजळणीत किती टक्के कार्डं आठवावीत ते) ९० टक्क्यांवरच राहू द्या.