ऑनलाइन नाट्यवर्गाचे दहा महिने : इंदूरहून वापरानंतरचा अनुभव

इंदूरला सुदामानगरात मी शनिवार-रविवारी मराठी मुलांचा नाट्यवर्ग घेते. दोन गट आहेत, आठ ते बारा आणि तेरा ते सोळा वर्षांचे, मिळून एकवीस मुलं. मार्च २०२० मध्ये आमच्या बालनाट्याच्या तालमी रंगात आल्या होत्या आणि २५ तारखेपासून टाळेबंदीत सगळंच बंद झालं. सानंद या इथल्या मराठी संस्थेचे नाट्यप्रयोग थांबले, शाळा बंद, आमच्या हॉलला कुलूप. एप्रिलमध्ये मी वर्ग फोनवर आणला आणि फेब्रुवारी २०२१ पर्यंत तो तिथेच चालला. सुरुवातीला असं काही मराठीत वाचायला मिळालं असतं तर माझे पहिले दोन महिने चाचपडण्यात गेले नसते, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

महत्त्वाचं आधी सांगते. मुलांकडून नाटक करून घ्यायला व्हिडिओ कॉलपेक्षा साधं आवाजाचं रेकॉर्डिंग मला कितीतरी जास्त उपयोगी पडलं.

तरी सुरुवात व्हिडिओ कॉलनेच झाली. झूमच्या फुकट खात्यात तेव्हा तीन किंवा जास्त माणसं असली की ४० मिनिटांनी कॉल संपायचा. गूगल मीटवर त्या काळात तशी वेळेची अडचण नव्हती, म्हणून संहितावाचनाचे लांब तास मी तिथे घेतले. तालमीला मात्र झूम ठेवलं, कारण त्यात कॅमेरा बंद असलेल्यांना पडद्यावरून लपवता येतं. ही सेटिंग प्रत्येकाने आपापल्या फोनवर करायची. मग कॅमेरा बंद म्हणजे विंगेत आणि कॅमेरा चालू म्हणजे एन्ट्री. छोट्या गटाला हे पहिल्याच दिवशी जमलं आणि एन्ट्री वेळेवर घ्यायची सवय, जी हॉलमध्ये लावताना माझा घसा बसायचा, ती आपोआप लागली.

एकमेकांना वस्तू देण्याचे प्रसंग जमले नाहीत. प्रत्येकाच्या पडद्यावर चौकटींचा क्रम वेगळा असतो. माझ्याकडे राजाच्या उजवीकडे असलेला प्रधान दुसऱ्याच्या फोनवर खालच्या ओळीत दिसतो. शेवटी मी नियम केला की देणारा वस्तू थेट कॅमेऱ्याकडे आणणार आणि घेणारा ती कॅमेऱ्याजवळूनच उचलणार. त्यासाठी दोन्ही घरी सारखीच वाटी लागते, एवढं लक्षात ठेवा.

समूहगीत विसरा. आवाज जाऊन यायला सेकंदाचा थोडा भाग लागतो आणि तेवढ्यानेही ताल मोडतो. एकाने गायचं, बाकीच्यांनी माइक बंद ठेवून सोबत म्हणायचं, एवढंच शक्य आहे.

पण मला खरा धडा मिळाला तो कुजबुजण्यावरून. छोट्या गटातल्या एका दहा वर्षांच्या मुलाला आजारी आजोबांच्या उशाशी बसून "आजोबा, मी आलोय" एवढंच म्हणायचं होतं. मला नुसते हलणारे ओठ दिसायचे. दोन आठवडे मी त्याला "मोठ्याने बोल रे" सांगत राहिले आणि शेवटी तो बिचारा ओरडायला लागला. एका रविवारी त्याची आजी कॅमेऱ्यासमोर आली आणि म्हणाली, "ताई, तो इतकं छान हळू म्हणत होता, माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. आता का ओरडतोय?" तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही अ‍ॅप्स मुळात मीटिंगसाठी केलेली. पंखा, कुकरची शिट्टी, रस्त्यावरचा हॉर्न गाळून फक्त बोलणं पुढे पाठवायचं, हे त्यांचं काम. नाटकातली कुजबूज, हुंदका, लांब श्वास हेही त्याच गाळणीत अडकतं. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' नावाची सोय आहे, ती चालू केली की ही गाळणी बंद होते. अभिनय शिकवणाऱ्याने पहिल्या दिवशीच ती चालू करावी. मात्र मग कुकरची शिट्टीही येणार, त्यामुळे घरच्यांना वर्गाची वेळ सांगून ठेवावी लागते.

त्यानंतर जूनपासून आम्ही श्रुतिकेकडे, म्हणजे नुसतं ऐकायच्या नाटकाकडे वळलो. आकाशवाणीवरची नभोनाट्यं ऐकलेले आजी-आजोबा घरोघरी होतेच, ते स्वतःहून मुलांच्या मदतीला आले. मुलं फोनच्या रेकॉर्डरवर आपला संवाद रेकॉर्ड करून व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवतात. अ‍ॅपमधलंच माइकचं बटण दाबून बोललं तर आवाज फार दाबला जातो, म्हणून ही पद्धत. डोक्यावरून गोधडी घेऊन बोललं की खोलीचा घुमारा जातो. मोठ्या गटातली एक मुलगी तर कपाटाचं दार उघडून, टांगलेल्या साड्यांत तोंड घालून रेकॉर्ड करते आणि तिचा आवाज सगळ्यांत स्वच्छ येतो. जोडकाम मी ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरवर करते. ते मोफत आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं.

पहिली श्रुतिका जोडली तेव्हा सगळे एकटे-एकटे बोलल्यासारखे वाटत होते, आणि खरोखर तसे ते बोललेच होते. मग क्रम बदलला. आधीच्या पात्राचं रेकॉर्डिंग इअरफोनवर ऐकायचं आणि ते संपताक्षणी आपलं वाक्य बोलायचं. हॉलमध्ये मुलं समोरच्याचं शेवटचं वाक्य कधी येतं एवढीच वाट बघायची. आता समोरचा कुठे थांबला, कुठे त्याचा श्वास अडखळला, हे त्यांना ऐकू यायला लागलं. माझ्या मते या दहा महिन्यांची खरी कमाई ही आहे.

पार्श्वध्वनी मुलांनीच शोधले. स्टीलच्या ताटात तांदूळ टाकले तर गारा पडल्यासारखं वाटतं, सुपात साबुदाणा हळूच हलवला की रिमझिम. घोड्यांच्या टापांना नारळाच्या करवंट्या.

पाहण्यासाठी काय वापरलं, तेही सांगते. ब्रिटनच्या नॅशनल थिएटरने २ एप्रिल २०२० पासून दर गुरुवारी एक नाटक यूट्यूबवर आठवडाभर मोफत ठेवलं होतं. आपल्याकडे ते रात्री साडेअकराला सुरू व्हायचं, म्हणून आम्ही दुसऱ्या दिवशी बघत असू. त्यात 'फ्रँकेन्स्टाइन' दोन वेगळ्या रूपांत दाखवलं. बेनेडिक्ट कंबरबॅच आणि जॉनी ली मिलर हे दोघे नट आळीपाळीने शास्त्रज्ञ आणि त्याने घडवलेला प्राणी होतात. मोठ्या गटाला मी आधी स्वतः पाहून निवडलेले तुकडेच दाखवले, कारण त्यातले काही प्रसंग मुलांसाठी नाहीत. तोच प्रसंग दोन नटांकडून लागोपाठ बघितल्यावर मुलं तासभर बोलत होती. इंग्रजी सगळं कळलं नव्हतं, पण चालणं-पडणं-उठणं यावर त्यांनी नेमकं बोट ठेवलं. डिसेंबर २०२० पासून नॅशनल थिएटरची नाटकं पैसे भरून बघावी लागतात.

संहितेबद्दल एक सावधगिरी. इंटरनेटवर नाटकांच्या पीडीएफ खूप फिरतात, पण फिरते म्हणून ती वापरायला मोकळी होत नाही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. राम गणेश गडकरी १९१९ साली गेले, त्यांचं लेखन आपण घेऊ शकतो. हयात लेखकांना मी सरळ फोन केला, दोघांनी आनंदाने परवानगी दिली. यूट्यूबवर सर्वांसाठी टाकणार असाल तर तेही स्पष्ट विचारा.

जे झालं नाही त्याचं मला वाईट वाटतं. एकवीसपैकी दोन मुलं गळाली. एकाच्या घरी एकच फोन आणि तो वडिलांबरोबर कामावर, दुसरीकडे रोजचा दीड जीबी डेटा ऑनलाइन शाळेतच संपायचा. डेटा संपणाऱ्या मुलीला मी रात्री नऊला साधा फोन लावून संवाद म्हणवून घ्यायला लागले तेव्हा ऑक्टोबर उजाडला होता. ती परत आली. त्या मुलाला मात्र मी गमावलं. असे साधे फोन पहिल्या आठवड्यातच करायला हवे होते. नवा वर्ग सुरू करणाऱ्यांनी आधी प्रत्येक घरी विचारावं : फोन कोणाचा आहे आणि किती वाजता मोकळा असतो.

जानेवारीत आमची तिसरी श्रुतिका पूर्ण झाली, सव्वीस मिनिटांची. पालकांना पाठवताना मी कळवलं की कृपया इअरफोन लावून ऐका. बाराव्या मिनिटाला एक कुजबुजलेलं वाक्य आहे, त्याचा आवाज मी मुद्दाम वाढवलेला नाही.