‘बोर्ड गेला’ म्हणत एक्सचेंजला घेतलेला गेमिंग पीसी

गोव्यात डिचोलीतल्या एका कुटुंबाने चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी मुलाचा गेमिंग पीसी बार्देशातल्या एका दुकानात एक्सचेंजला दिला. बदल्यात मिळालेल्या चिठ्ठीवर एवढाच मजकूर होता: ‘आय-सेव्हन, १६ जीबी रॅम, ८ जीबी ग्राफिक्स, ५१२ एसएसडी, विंडोज ११, आरजीबी कॅबिनेट. ३४,००० वजा जुना ८,०००.’ म्हणजे वर २६,००० भरले. घरी आलेले मशीन दिलेल्या मशीनपेक्षा पाच वर्षांनी जुने निघाले.

दिलेले मशीन असे होते: रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, जीटीएक्स १०६० ६ जीबी ग्राफिक्स कार्ड, रॅमची ८ जीबीची एकच पट्टी. पावसात दोनेक आठवडे बंद राहिले, मग चालू केले तर पंखे फिरतात पण डिस्प्ले नाही. दुकानातला निकाल पाच मिनिटांत आला. ‘काका, बोर्ड गेला. याचे पार्ट आता येत नाहीत. आणि याच्यावर विंडोज ११ पण चालणार नाही.’

पंखे फिरतात आणि डिस्प्ले येत नाही, याचे आपल्याकडचे पावसाळी कारण बहुतेक वेळा रॅम असते. दमट, खारट हवेने पट्टीच्या सोनेरी दातांवर पापुद्रा धरतो. प्लग काढायचा, पट्टी काढायची, दातांवर साधा खोडरबर हलक्या हाताने फिरवायचा, कोरड्या ब्रशने स्लॉट झाडायचा आणि दोन्ही बाजूंनी ‘टक्’ होईपर्यंत पट्टी बसवायची. तरी येत नसेल तर दुसऱ्या स्लॉटमध्ये लावायची, बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी काढून काही मिनिटांनी परत घालायची, ग्राफिक्स कार्ड काढून पुन्हा बसवायचे. एवढे करून, शिवाय चालू असलेला दुसरा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) लावून पाहिल्याशिवाय ‘बोर्ड गेला’ हे वाक्य कोणी बोलू नये. या प्रकरणात बोर्ड शाबूत होता. काही आठवड्यांनी तेच १०६० कार्ड बोर्डासकट एका सेकंड-हँड जाहिरातीत झळकले. फोटोतल्या स्टिकरवरचा सिरीयल नंबर घरी ठेवलेल्या बॉक्सवरच्या नंबराशी जुळला.

विंडोज ११ चे कारण तर सर्रास दिले जाते, कारण ते अर्धे खरे आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, तेव्हापासून ‘तुमचा पीसी पात्र नाही’ हा मेसेज पाहून लोक घाबरून दुकानात येतात. पण रायझन २६०० मायक्रोसॉफ्टच्या यादीत आहे. इंटेलमध्ये मोजके अपवाद सोडले तर आठव्या पिढीपासून पुढचे. बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, एफटीपीएम (इंटेलवर पीटीटी) बऱ्याचदा बंद असते, ते चालू करायचे. विंडोज ११ ला लागणारी टीपीएम ही सुरक्षेची सोय ती हीच. विंडोज डिस्क विभागण्याच्या जुन्या एमबीआर पद्धतीने टाकलेले असेल तर आधी बॅकअप घेऊन विंडोजमधल्याच एमबीआरटूजीपीटी साधनाने डिस्क बदलायची, मग बायॉसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय) बंद आणि सिक्युअर बूट (फक्त खात्रीचेच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारे कुलूप) चालू. हा क्रम उलटा केला तर विंडोज सुरूच होत नाही. काही दुकानदार नेमके तेच करून दाखवतात आणि म्हणतात, ‘बघा, घेत नाही.’

आता मिळाले काय ते पाहू. ‘आय-सेव्हन’ म्हणजे आय७-४७७०, २०१३ चा, चौथ्या पिढीचा. पिढी नंबरातच असते: ४७७० म्हणजे चौथी, १२१०० म्हणजे बारावी. २०२२ चा साधा आय३-१२१००एफ या आय-सेव्हनला सहज मागे टाकतो. चार कोरचा हा प्रोसेसर, बिननावाचा एच८१ बोर्ड आणि डीडीआर३ ही जुन्या पिढीची रॅम. रायझन २६०० ला सहा कोर होते. ‘८ जीबी ग्राफिक्स’ म्हणजे आरएक्स ५८० २०४८एसपी. शेडर म्हणजे कार्डातले चित्र काढणारे छोटे कोर. खऱ्या आरएक्स ५८० ला ते २३०४ असतात, याला २०४८. हे नावाने ५८०, प्रत्यक्षात ५७० च्या तोलाचे, म्हणजे दिलेल्या १०६० पेक्षा काडीचाही फायदा नाही. जीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअर उघडले की ‘शेडर्स’च्या रकान्यात आकडा दिसतो. थर्मल पॅडमधून सुटलेले तेल, किरकिरणारा पंखा आणि काळवंडलेले हीटसिंक पाहता कार्ड मायनिंगमधून, म्हणजे क्रिप्टो चलन मिळवायला रात्रंदिवस चालवलेले, आलेले असावे. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टो चलनाचे मायनिंग बंद झाले आणि अशी कार्डे सेकंड-हँड बाजारात भरमसाट आली.

सगळ्यात धोक्याची वस्तू मात्र एसएमपीएस. बाहेर ठळक ‘४५० वॉट’, आणि स्टिकरवरच्या बारीक अक्षरात १२ व्होल्टच्या लाइनला फक्त १६ अँपिअर. १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॉट. प्रोसेसर ८४ वॉटचा आणि कार्ड साधारण १५० वॉटचे, दोन्ही याच लाइनवर. गेम रंगात आला की मशीन धाडकन बंद पडते ते यामुळेच. त्यात कार्डाची पॉवर मोलेक्सचा (जुन्या चार पिनांच्या वायरचा) जोड लावून घेतलेली. असे जोड तापून वितळतात. एसएसडीला क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने पाहिले तर १९,००० हून अधिक तास चाललेली, म्हणजे अखंड दोन वर्षांहून जास्त. चिठ्ठीवर ‘नवी’ असे कुठेच लिहिले नव्हते, ही दुकानाची हुशारी.

फसवणूक उघडी पडली ती व्हॅलोरंट या ऑनलाइन गेममुळे. विंडोज ११ वर या गेमला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट लागते. या बोर्डावर टीपीएम २.० नव्हतेच. विंडोज तपासणी चुकवून टाकलेले होते आणि ॲक्टिव्हेशनही चोरटे. गेमने व्हॅन ९००१ चा एरर दाखवला. जुन्या मशीनवर तोच गेम वर्षानुवर्षे चालत होता.

मग त्या जुन्या मशीनचे काय करायला हवे होते? आधी मोजणी. एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरने गेम चालू असताना आकडे पडद्यावर आणायचे. जीपीयूचा (ग्राफिक्स कार्डाचा) वापर ९७-९९ टक्के असेल तर कार्ड कमी पडते आहे. जीपीयू ६० टक्क्यांवर रेंगाळतोय आणि तरी गेम अडखळतोय, तर प्रोसेसर किंवा रॅम. दहा मिनिटे ठीक चालून मग मंदावत असेल तर तापमान पाहा. १०६० साधारण ८३ अंशांना स्वतःचा वेग कमी करू लागते. तिथे धूळ उडवायचा ब्लोअर आणि नवी थर्मल पेस्ट पुरते.

रॅमची तशीच दुसरी ८ जीबी पट्टी, प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, आणि बायॉसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू. बी४५० वर एवढ्या खर्चात मिळणारा हा सर्वात मोठा फरक, आणि दुकानदार तो क्वचितच सुचवतात, कारण त्यात मार्जिन नाही. पुढचा टप्पा रायझन ५ ५६०० प्रोसेसर, तोच बोर्ड ठेवून. बायॉस मात्र जुना प्रोसेसर लावलेला असतानाच अपडेट करायचे, तेही यूपीएसवर. मध्येच वीज गेली तर बोर्ड खरोखरच जातो. कार्ड शेवटी. या बोर्डाला आरएक्स ६६०० चालते, एक ८-पिन जोड पुरतो. स्वस्त म्हणून ६५०० एक्सटी घेऊ नये: ते बोर्डाशी बोलायला चारच पीसीआयई लेन (मार्ग) वापरते आणि बी४५० च्या पीसीआयई ३.० वर मार खाते.

पूर्ण बदल योग्य ठरतो तो डीडीआर३ मशीन असेल तेव्हा. चौथ्या पिढीच्या बोर्डावर नवे कार्ड बसवणे म्हणजे पैसे अडकवणे. थोडक्यात, या मुलाला जे विकले गेले, तेच मशीन खरे तर बदलायच्या लायकीचे होते.

मशीन दुकानात ठेवण्याआधी झाकण उघडून बोर्ड, कार्ड, रॅम आणि एसएसडीच्या स्टिकरचे फोटो काढा, आणि जमा पावतीवर सिरीयल नंबर लिहून घ्या. नव्या मशीनच्या बिलावर प्रत्येक भागाचे पूर्ण मॉडेल, सिरीयल आणि ‘नवा’ की ‘वापरलेला’ हे हवे. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो आणि गोव्यातल्या नोंदणीचा ३० ने सुरू होतो. तो जीएसटी पोर्टलवर टाकला की दुकान कोणाच्या नावावर आहे ते दिसते. ‘बिल हवे तर १८ टक्के वर’ म्हणणाऱ्याकडून वॉरंटीची अपेक्षा ठेवू नका. पैसे देण्याआधी दुकानातच सीपीयू-झेड (प्रोसेसर आणि रॅम दाखवणारे), जीपीयू-झेड आणि क्रिस्टलडिस्कइन्फो चालवायला लावा. तिन्ही पेन ड्राइव्हवर मावतात.

व्यवहार होऊन गेला असेल तर आधी दुकानाला लेखी तक्रार, मग ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि तिथे नाही निभावले तर जिल्हा ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. डिचोलीच्या कुटुंबाने पैसे यूपीआयने भरले होते, त्यामुळे २६,००० ची नोंद बँकेत आहे. जुन्या मशीनचा पुरावा म्हणून बॉक्सवरचा तो एक नंबर आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट, एवढेच हाताशी आहे.