लेदर सीटच्या दुरुस्तीत झालेली माझी फसवणूक

माझी सेडान दहा वर्षांची असून तिच्या बदामी लेदर सीट मूळच्या, कंपनीतून आलेल्या होत्या. चालकाच्या सीटची दाराकडची उंच कड चढता-उतरताना घासून पांढरट पडली होती आणि बैठकीवर केसाएवढ्या बारीक भेगा दिसू लागल्या होत्या. गेल्या मार्चमध्ये सांगलीतल्या एका सीट कव्हरच्या दुकानात मी ती दाखवली. दुकानदाराने हात फिरवला आणि चामडे मेले आहे, पण मूळ लेदर तसेच ठेवून ते नव्यासारखे करून देतो, असे सांगितले. एका सीटचे 14,000 रुपये ठरले. पक्के बिल घेतल्यास कर वाढेल, हे त्याचे म्हणणे मी मान्य केले आणि गाडी चार दिवस त्याच्याकडे सोडून आलो.

परत मिळाली तेव्हा सीट चकचकीत होती आणि गाडीत थिनरचा उग्र वास होता. तीन आठवड्यांनी, एप्रिलच्या उन्हात मिरजेला जाऊन आलो, तेव्हा पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर बदामी पट्टा उमटलेला दिसला. पाठीच्या भागावर नख लावताच रंगाचा पापुद्रा दुधावरच्या सायीसारखा सुटून आला.

मिरजेतल्या माझ्या ओळखीच्या चप्पल कारागिरांनी बैठकीच्या कव्हराची खालची कड सोडवून उलटी केली. मागे पांढरे विणलेले कापड होते. शेजारच्या, हात न लागलेल्या सीटची कड त्यांनी तशीच उलटून दाखवली. तिथे तंतुमय, मखमलीसारखी मऊ बाजू होती. ते म्हणाले, "साहेब, ह्ये चामडं न्हवं, रेक्झिन हाय." म्हणजे बैठकीचे मूळ लेदर काढून रेक्झिन बसवले होते आणि पाठीच्या लेदरवर साधा स्प्रेचा रंग मारून दोन्हींचा रंग जुळवला होता. जुने लेदर परत मागितले, तर ते भंगारात गेल्याचे उत्तर मिळाले.

याहून गंभीर बाब सर्व्हिस सेंटरमध्ये कळली. माझ्या गाडीत सीटच्या पाठीच्या बाहेरच्या बाजूला साइड एअरबॅग आहे, आणि ती फुगताना तिथली शिवण उसवावी म्हणून त्या जागी मुद्दाम वेगळा दोरा वापरलेला असतो. रंगकामासाठी कव्हर उतरवताना ती शिवण उसवून जाड नायलॉनच्या दोऱ्याने पुन्हा घातली होती. अपघातात एअरबॅग वेळेवर बाहेर आली नसती, तर काय झाले असते, या विचाराने मी कित्येक रात्री अस्वस्थ होतो. पैशांपेक्षा या गोष्टीचा मला अधिक राग आहे, आणि हा अनुभव लिहिण्याचे खरे कारणही तेच आहे.

मुळात माझे चामडे मेलेलेच नव्हते. कोल्हापुरी चपलेचे चामडे तेल पिते, पण गाडीच्या बहुतेक लेदरवर रंगाचा थर आणि त्यावर पारदर्शक संरक्षक थर असतो. झिजतो तो बहुधा हाच थर, खालचे कातडे शाबूत राहते. म्हणूनच खोबरेल तेल चोळून काही साधत नाही, उलट ते वर राहून धूळ धरते आणि पुढे नवा रंगही चिकटू देत नाही. योग्य कामात आधी सीट स्वच्छ करून तेलकटपणा पूर्ण काढतात, बारीक पॉलिश पेपरने हलके घासतात, भेगांमध्ये लेदरचा फिलर भरतात, मग पाण्यात मिसळणारा लेदरचाच रंग पातळ थरांत, प्रत्येक थर वाळवून देतात आणि शेवटी संरक्षक थर चढवतात. यासाठी कव्हर उतरवावेच लागत नाही. जो कारागीर सीट सोडून जायला सांगतो, त्याला कव्हर का उतरवायचे हे विचारावे, आणि एअरबॅगची खूण असलेल्या शिवणीला हात लावू देऊ नये. काम सुरू होण्यापूर्वी कव्हरच्या उलट्या बाजूचा फोटो काढून ठेवावा.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली. पक्के बिल नसल्याने माझ्या हाती केवळ 10,000 रुपये आगाऊ पाठवल्याची यूपीआयची नोंद होती, तीच मी जोडली. त्यानंतर दुकानदाराने 6,000 रुपये परत केले. एअरबॅगची शिवण सर्व्हिस सेंटरमधून पूर्ववत करून घेतली आहे. डावी सीट अजून मूळ लेदरची असून ती मी दर पंधरवड्याला ओलसर मऊ फडक्याने पुसतो, आणि गाडी सावलीत लावतो.